आग न पाहिलेलं तपेलं

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर त्याहून वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे पेन हातात आलं ते सहीपुरतंच. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण कधी कुणाच्या हाती पडलंच तर ऱ्हस्व-दीर्घ बघू नये, माफ करावं. त्यातून यात काही परक्या देशाचे शब्द येणार आहेत, ते जसे कानावर पडले तसे लिहिले आहेत. ते शब्द ज्यांनी मला सांगितले ते असते तर प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली असती. पण ते आता नाहीत. आठल्ये सर गेल्याचं मला परवा कळलं, तेही त्यांच्या जुन्या बिल्डिंगच्या वॉचमनकडून.

मी त्यांच्याकडे डोंबिवलीला पुष्कळ वर्षं कामाला होते. सकाळी कल्याणहून जायचं, केर-फरशी, भांडी, दोघांपुरता स्वयंपाक करून दुपारी परत. दोघांपुरता म्हणजे त्यांचा एकट्याचाच, सकाळचा आणि संध्याकाळचा. बायको आधीच वारली होती, मुलगा ठाण्याला घोडबंदर रोडला मोठ्या टॉवरमध्ये राहायचा. सर मला कधी वाकडं बोलले नाहीत. पगार एक तारखेला हातावर ठेवत. आणि तरीही माझ्या घरातली तीन भांडी त्यांच्यापायी गेली. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला धड चांगलंही बोलता येत नाही आणि धड वाईटही. लिहून बघते.

सर कॉलेजात संस्कृत शिकवायचे. ग्रीक भाषा ते स्वतःची स्वतः शिकले होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं. जुने ग्रीक लोक धातूच्या कामाला आणि भांड्यांना काय काय म्हणायचे, आणि ते शब्द मुळात कुठून आले, याचं पुस्तक. घरभर कार्डं असायची. एका कार्डावर एक शब्द. खाली त्याचं मूळ. मूळ सापडलं नाही की कोपऱ्यात लिहायचे 'अज्ञात'. हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता की माणसांनाही लावायचे. समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू आला, तर म्हणाले, "शालन, कोण आहे गं तो?" मी म्हटलं, माहीत नाही. "बरं. म्हणजे अज्ञात." भाजीवाल्याला विचारायचे, दोडका हे नाव कुठून आलं? तो म्हणायचा, नाशिकवरून. सर खूश होऊन पेन्सिल कानावर अडकवायचे.

ती पेन्सिल त्यांची सगळ्यात मोठी खूण. कुठलंही भांडं समोर आलं की पेन्सिलीच्या मागच्या टोकाने त्यावर एक टोला मारायचे आणि कान जवळ न्यायचे. मी पहिल्यांदा कामावर गेले तेव्हा मी घासून पालथं घातलेलं पितळेचं पातेलं त्यांनी असंच वाजवलं. मला वाटलं, नीट घासलं नाही म्हणून बघतायत. मी घाबरून म्हटलं, "सर, चिंच लावली होती."

"चिंचेचं नाही गं. आवाज ऐक. हे ओतीव नाही, ठोकून केलेलं आहे."

मी म्हटलं, "हो, ते कळतं. आमच्याकडे तांबटकीच आहे."

झालं. त्या दिवशी बारा वाजेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. सासरे अजून काम करतात का, ऐरण कुठली, भाता कुठला, या हातोडीला काय म्हणता, त्या ठोक्याला काय म्हणता. मी बोलायला लाजणारी. आमच्याकडे मला मुकी म्हणून चिडवतात. पण सर विचारायचे ते असं विचारायचे की उत्तर दिलं नाही तर आपण त्यांचं काही लपवून ठेवलंय असं वाटावं.

मग त्यांनी मला ऐरणीचं सांगितलं. ग्रीक लोक ऐरणीला म्हणत 'आक्मोन'. आणि आपल्या संस्कृतात 'अश्मन' म्हणजे दगड. सर म्हणाले, हे एकाच घरातले दोन भाऊ आहेत, लहानपणीच ताटातूट झालेले. म्हणजे लोखंडाची ऐरण यायच्या आधी माणसं दगडावरच ठोकत होती. लोखंड आलं, दगड गेला, पण नाव राहिलं. "बघ, वस्तू गेली, शब्द उरला. शब्द भांड्यापेक्षा टिकतो, शालन."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आनंदात असले की म्हणायचे. तेव्हा मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. घरी येऊन मी सासऱ्यांच्या ऐरणीला हात लावून बघितला होता.

पुढच्याच रविवारी सर आमच्या घरी आले. कल्याणला जुन्या बाजारामागे आमची दोन खोल्यांची जागा, पुढच्या पडवीत मामंजींचं काम. मामंजी म्हणजे माझे सासरे. तेव्हाच त्यांचं वय झालं होतं. जन्मभर ठोके ऐकून कान गेले होते, तांबटाचे जातातच. सर शेजारी स्टुलावर बसले आणि ओरडून विचारू लागले, मामंजी ओरडून उत्तर देऊ लागले. गल्लीतल्या बायका भांडण लागलं म्हणून दाराशी आल्या.

"या ठोक्यांच्या नक्षीला काय म्हणता?"

"मठार!"

"हा शब्द कुठून आला असेल?"

"कुठून येणार? बापाकडून आला!"

"त्याच्या आधी?"

"त्याच्या बापाकडून! साहेब, तुम्हाला घागर हवीय का?"

सर हसले. म्हणाले, घागर नको, नाव हवंय. मामंजींनी हातोडी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, गिऱ्हाईक चांगलं आणलंस. नुसतं नाव नेतो, भांडं नेत नाही."

तरी दोघांचं जमलं. सर वर्षातून चार-पाच रविवार यायचे. मामंजी त्यांना भाता ओढायला लावायचे. सर सांगायचे, ग्रीक लोक भात्याला 'फूसा' म्हणायचे, तोंडाने फुंकल्याचा आवाज तोच शब्द. मामंजी म्हणायचे, "फू फू करा, पण हात थांबवू नका, तांबं गार होतंय." चहा देताना मी बघायचे, सर घामाघूम झालेले असायचे आणि शाळेतल्या पोरासारखे खूश.

धंदा मात्र उरला नव्हता. स्टीलने निम्मा नेला, उरलेला प्लास्टिकने. आमचे हे भिवंडीच्या गोदामात लागले. मामंजींनी दुकानाचं सामान एकेक करून विकलं, पण विकण्याआधी नातीच्या लग्नासाठी तीन भांडी करून ठेवली. एक हंडा, एक घंगाळ आणि एक मोठं तपेलं. माझी सुषमा तेव्हा नववीत होती. तांबं थोडं थोडं करून जमवलं. हात कापायला लागले होते, म्हणून दिवसाला थोडंच काम व्हायचं. तपेलं शेवटचं. ते झालं आणि त्यांनी हातोडी परत उचलली नाही.

आमच्यात लग्नाच्या भांड्यावर नाव घालतात. छिन्नीने ठिपके ठिपके मारून, कुणाला कुणाकडून ते. पण मुलीचं नाव लग्न ठरल्यावरच घालायचं, सासरच्या नावासकट. आधी घातलं तर अपशकुन. म्हणून ती तिन्ही भांडी कोरी होती. मामंजी म्हणायचे, "ठिपके मारण्यापुरती ताकद ठेवलीय मी." जुन्या साडीत गुंडाळून ती आम्ही कपाटावर ठेवली होती.

सरांना कळल्यावर ते ती बघायला आले. साडी सोडली, तपेल्यावर पेन्सिलीचा टोला मारला आणि डोळे मिटून बसले. आवाज बराच वेळ राहिला. मग म्हणाले, "याला कधी चुलीवर चढवलं नाही ना?"

"नाही सर. लग्नाचं आहे."

"आपुरोस!" सर एवढ्या मोठ्याने म्हणाले की मामंजींनाही ऐकू गेलं. सरांनी मग समजावलं. ग्रीक लोकांच्या फार जुन्या गाण्यांत मोठ्या तपेल्यांची बक्षिसं द्यायचे, त्याला 'लेबेस' म्हणत. आणि सगळ्यात मोलाचं तपेलं कुठलं, तर ज्याने अजून आग पाहिलेली नाही ते. आपुरोस म्हणजे आग न लागलेलं. ते शिजवायला नसायचंच. ती संपत्ती. पैसा नव्हता तेव्हा माणसं दंड भरायची, देणं फेडायची ती अशा भांड्यांनी. आपला 'दाम' हा शब्दसुद्धा तिकडच्या 'द्राख्मे'पासून आला, आणि द्राख्मे म्हणजे मूठ. एका मुठीत मावतील तेवढ्या लोखंडी सळ्या.

मामंजी म्हणाले, "म्हणजे आधी भांडं, मग पैसा."

"बरोबर."

"आता उलटं आहे," मामंजी म्हणाले.

आता मला ती एक सकाळ लिहिली पाहिजे, कारण ती लिहिली नाही तर सरांवर अन्याय होईल. पुस्तक लिहून झालं होतं आणि छापायला कुणी तयार नव्हतं. ठाण्याहून दोन गृहस्थ आले. कुठल्या तरी संस्थेचे. चांगले कपडे, मिठाईचा बॉक्स. मी चहा करत होते, सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, छपाईचा सगळा खर्च आमचा, फक्त सुरुवातीला एवढं यावं की हे सगळे शब्द मूळचे आपले, इथून तिकडे गेले.

"कुठले शब्द?" सरांनी विचारलं.

"सगळेच, सर."

"कथील घ्या. आपलं कथील संस्कृत 'कस्तीर'पासून. ग्रीकात 'कास्सीतेरोस'. आपल्याकडे तो शब्द उशिरा दिसतो. तिकडून इकडे आला असण्याचाच संभव जास्त. आणि त्यांच्याकडे कुठून आला, ते कुणालाच माहीत नाही."

"ते एवढं कोण बघतंय, सर? लोकांना अभिमान वाटला पाहिजे."

सर उठले. मिठाईचा बॉक्स उचलून त्यांच्या हातात दिला. म्हणाले, "माहीत नसताना माहीत आहे असं लिहायचं, याला माझ्या घरात चोरी म्हणतात. चहा घेऊन जा."

ते चहा न घेता गेले. सर स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "शालन, आज शिरा कर." मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. आता आठवलं की शिऱ्याचा वाससुद्धा नको होतो.

मग सरांनी स्वतःच छापायचं ठरवलं. ठाण्याचा एक छापखाना पुढे पैसे मागत होता. मुलाकडे मागितले, तो म्हणाला, "बाबा, हे पुस्तक कोण वाचणार?" ते मुलाशी बरेच दिवस बोलले नाहीत. पुस्तकात फोटो हवे होते. एक दिवस मला म्हणाले, "तुझी ती तीन भांडी आठवडाभर दे. फोटोग्राफर येणार आहे."

मी मामंजींना विचारलं. ते म्हणाले, "ने की. पण सांग त्यांना, चुलीवर चढवू नका म्हणावं. आधी कल्हई लागेल."

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "छे! आगीजवळसुद्धा नेणार नाही."

रिक्षा करून मी स्वतः ती त्यांच्याकडे नेऊन पोचवली. फोटो निघाले. आठवडा झाला, महिना झाला, भांडी सरांच्या हॉलमध्येच. त्यांना ती समोर लागायची. मी रोज पुसायचे. परत न्यायचं बोलायला मला संकोच वाटायचा, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या हॉलमध्ये ती शोभायचीही. आमच्या कपाटावर ती कुणाला दिसत होती?

दिवाळीनंतर मी नणंदेकडे साताऱ्याला लग्नाला गेले. परत कामावर आले तर हॉलचा तो कोपरा रिकामा. माळ्यावर बाईंची, म्हणजे सरांच्या बायकोची, पितळी भांडी असायची, तीही नाहीत. मला वाटलं, कुठे तरी घासायला दिली.

"सर, भांडी?"

"बस," सर म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी बस म्हटलं नव्हतं. मी उभीच राहिले.

"छापखान्याचा माणूस अडून बसला होता. आमच्या हिच्या भांड्यांत भागेल असं वाटलं. थोडं कमी पडत होतं. तुझी तीन त्यात गेली."

"गेली म्हणजे?"

"मोडीत."

मला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. तांबटाच्या घरात मोड हा रोजचा शब्द. जुनं भांडं मोडीत द्यायचं, वजनाचे पैसे घ्यायचे. फुटकं, चेपलेलं, भोक पडलेलं. नवं कोण देतं?

सर बोलत राहिले. मोडीवाल्याने बाईंच्या भांड्यांवरची नावं वाचून दाखवली, नाव असलेलं भांडं ते विचारल्याशिवाय घेत नाहीत. सरांनी सांगितलं, माझी पत्नी. "तुझ्या भांड्यांवर नाव नव्हतं. त्याने विचारलं नाही."

तुम्ही सांगितलं नाहीत? हे मी मनातच विचारलं. 

"फोटो उत्तम आलेत, शालन. भांडं काय, आज ना उद्या जातंच. शब्द भांड्यापेक्षा..."

तेवढ्यात मी आत गेले आणि नळ मोठा सोडला. ते मागोमाग दाराशी आले. "पैसे देईन. वजनाची पावती आहे माझ्याकडे. पै न पै देईन."

दुपारी मी कल्याणची गाडी न धरता सरळ मोडीवाल्याच्या पेढीवर जायला हवं होतं, कारण पेढी डोंबिवलीतच होती. पण माझं डोकं चालत नव्हतं. घरी पोचले, परत गाडी धरून डोंबिवलीला आले. मोडीवाला ओळखीचा निघाला, मामंजींकडे यायचा. म्हणाला, "ताई, माल परवाच भट्टीला गेला. तपेलं झकास होतं. मीच म्हटलं, मास्तर, एवढं चांगलं कशाला मोडताय? म्हणाले, घाई आहे." मग जीभ चावून म्हणाला, "काकांचं होतं का ते?"

मी म्हटलं, "नाही."

मामंजींना मी सांगितलं नाही. ते विचारायचे, "अजून फोटो संपले नाहीत? तपेल्याचं लग्न लावतोय का काय हा माणूस?" मी म्हणायचे, "चाललंय, मामंजी." मोठ्याने खोटं बोलावं लागायचं, कारण हळू त्यांना ऐकू यायचं नाही. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "पोलिसात जाऊ." मग म्हणाले, "जाऊन काय सांगणार? तूच नेऊन दिलेलीस ना?" मामंजी पौषात गेले. छिन्नी उशाशी होती.

मी काम सोडलं नाही. सोडलं असतं तर पैसेही गेले असते, आणि दुसरं काम लगेच मिळत नव्हतं. सर दर एक तारखेला पगाराच्या पाकिटाबरोबर भांड्यांच्या पैशांचं दुसरं छोटं पाकीट द्यायचे. एकदाही चुकले नाहीत. स्वतः दूध अर्धं केलं, वर्तमानपत्र बंद केलं. हे मी बघत होते, आणि तरी मला त्यांची कीव येत नव्हती. आमचं बोलणं कमी झालं. शब्द सांगायचं त्यांनी थांबवलं नाही, मी ऐकायचं थांबवलं.

पुस्तक आलं. खोक्यांवर खोकी हॉलमध्ये, जिथे भांडी होती त्याच कोपऱ्यात. एक प्रत मला दिली, आत लिहिलं, 'शालन हिला, स्नेहपूर्वक'. मी घरी नेऊन एकेक अक्षर लावत चित्रं बघितली. तपेलं होतं. इतकं स्वच्छ आलं होतं की मठाराचा ठोका न् ठोका दिसत होता. एका बाजूला, कानाखाली, दोन ठोके जवळ जवळ पडलेले. तिथे मामंजींचा हात कापला होता. खाली छापलं होतं, 'तांब्याचे तपेले. कल्याण. कारागीर अज्ञात.'

मी परत परत वाचलं. मला वाटलं, मी चुकीचं वाचतेय. सुषमाला वाचायला लावलं. तिनेही तेच वाचलं.

ज्या माणसाच्या स्टुलावर बसून चहा प्यायलात, ज्याचा भाता ओढलात, तो अज्ञात? माहीत नसताना माहीत आहे म्हणणं ही चोरी, तर माहीत असताना माहीत नाही म्हणणं काय?

दुसऱ्या दिवशी हिंमत करून एवढंच म्हटलं, "सर, मामंजींचं नाव नाही आलं."

ते कार्डं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "परंपरेतल्या वस्तूला तसंच लिहितात गं. पद्धत आहे."

सुषमाचं लग्न झालं. भांड्यांची गोष्ट तिला तेव्हा सांगितली. ती म्हणाली, "अगं आई, मला नकोच होती ती. बदलापूरच्या वन-आरकेमध्ये हंडा ठेवू की स्वतः राहू?" तिने माझं मन राखायला म्हटलं असेल, पण मला ते सरांच्या त्या 'भांडं जातंच'एवढंच लागलं.

छोट्या पाकिटांनी एक दिवस मोडीचे पैसे पुरे झाले. सरांनी पावती समोर ठेवली, म्हणाले, "झालं ना गं पूर्ण?" मी म्हटलं, "हो सर." तांब्याच्या वजनाचे झाले होते. घडणावळीचं त्यांच्या मनातही आलं नाही. धातू घडवायच्या शब्दांवर एवढं जाड पुस्तक लिहिलं, पण घडवायचे पैसे लागतात हे त्यात कुठे नसावं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते पडले, मुलगा त्यांना घोडबंदर रोडला घेऊन गेला, डोंबिवलीची जागा भाड्याने दिली. माझं काम संपलं.

गेल्या वर्षी त्यांच्या सुनेचा फोन आला. बाबा सारखं तुमचं नाव घेतायत, एकदा येऊन जा. कापूरबावडीच्या पुढे रिक्षा एवढी अडकली की मधेच उतरून मी थोडं चाललेच. वर कितव्या तरी मजल्यावर ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगाने अर्धे झाले होते. पेन्सिल कानावर होती.

कोपऱ्यात काचेच्या टेबलावर एक तांब्याचं भांडं होतं, त्यात वाळलेल्या काड्या. सरांनी तिकडे बोट केलं. "सूनबाईंनी आणलंय. शोभेचं. बिल पडलं होतं, मी बघितलं. तांब्याचे पैसे त्यात किती थोडे. बाकी सगळी घडणावळ." मग म्हणाले, "तुझी बाकी राहिलीय, शालन."

मी त्या भांड्याकडे बघितलं.

"वाजव ते," म्हणाले आणि पेन्सिल पुढे केली. मी वाजवलं. टक् झालं आणि संपलं.

"मशीनचं आहे. वरून ठोके मारलेत. तुझं तपेलं असं वाजत नव्हतं."

"नाही."

"मला तो आवाज आठवतो."

एवढंच. माफी मागतील असं मला क्षणभर वाटलं होतं. त्याऐवजी म्हणाले, "घडणावळ किती ते सांग. तू सांगशील ती."

आयुष्यात मी कधी भाव सांगितलेला नाही. पगारसुद्धा समोरचा सांगेल तो. त्या दिवशी मात्र मी आकडा सांगितला, आणि मुद्दाम मोठा सांगितला. त्यांना परवडू नये, त्यांनी घासाघीस करावी, एकदा तरी म्हणावं की एवढं कुठे असतं, म्हणजे मग मला बोलता येईल. इतक्या वर्षांचं सगळं मी त्या आकड्यामागे बोलायला धरून ठेवलं होतं.

सर म्हणाले, "बरोबर आहे." आणि मुलाला हाक मारली.

मुलगा आतून आला. आकडा ऐकून म्हणाला, "बाबा, सीरियसली? भांड्यांचे?"

"माझ्या पेन्शनमधून. आत्ता खाली जाऊन काढून आण."

तो माझ्याकडे असं बघून गेला की जमिनीत जावंसं वाटलं. आम्ही दोघं बसून राहिलो. खाली रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या, हॉर्न वरपर्यंत येत होते. सरांनी शेजारचं पुस्तक उचललं, तेच. तपेल्याचं पान काढलं, पेन्सिल हातात धरली.

"शालन, तुझ्या सासऱ्यांचं नाव काय होतं गं?"

माझा कानांवर विश्वास बसेना. पद्धत म्हणून गाळलं नव्हतं तर. त्यांना माहीतच नव्हतं. इतके रविवार आले, ठोक्याला काय म्हणता, हातोडीला काय म्हणता, सगळं विचारलं. माणसाला काय म्हणतात ते विचारलंच नव्हतं. अज्ञात लिहिलं ते त्यांच्या परीने खरंच लिहिलं होतं.

पेन्सिल पानावर टेकलेली. ते वाट बघत होते. आणि मी म्हटलं, "आमच्यात सासऱ्याचं नाव घेत नाहीत, सर."

हे काही आता कुणी पाळत नाही. रेशनकार्डाच्या ऑफिसात, दवाखान्यात, मी त्यांचं नाव कितीदा घेतलंय. सरांनाही ते कळलं असावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पेन्सिल परत कानावर ठेवली. पुस्तक मिटलं. मला बरं वाटलं. लिफ्टने खाली येईपर्यंतसुद्धा ते टिकलं नाही, पण तेव्हा वाटलं.

मुलगा आला. सरांनी नोटा स्वतः मोजायला घेतल्या, बोटं चिकटत होती, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा पुरं केलं. मग माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, "तूही मोज."

मी मोजल्या. बरोबर होत्या.

"आता काही राहिलं?"

"नाही सर."

दारातून मागे बघितलं तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. एका हाताने खुर्चीच्या दांड्यावर पेन्सिल वाजवत होते. दांडा प्लास्टिकचा होता.

रिक्षात पर्स पोटाशी धरून बसले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं ती भांडी सरांनी नेलेली होती. आज मी भाव सांगितला, त्यांनी दिला, मी मोजून घेतला. म्हणजे आज ती विकली गेली, आणि विकली मी. नाव सांगितलं असतं तर निदान त्या एका पुस्तकात पेन्सिलीने का होईना मामंजी राहिले असते. तेही मीच राहू दिलं नाही.

पैसे मात्र पूर्ण फिटले. एक रुपयाही बाकी नाही.